हिस्ट्री: न्हाणीत पडल्यामुळे

२००९ साली आमच्या गोव्यातली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. कॅज्युअल्टीत माझी नाइट ड्युटी, बाहेर फटाके चालू, आणि दर तास-दीड तासाने हात भाजलेलं एखादं पोर घेऊन कोणीतरी धावत येत होतं. त्या गडबडीत साडेअकराच्या सुमाराला एक बाई आली, तिशीच्या आतलीच असेल, सोबत नवरा आणि सासू. अंगावर सणाची नवी साडी आणि डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल सोडला तर हातात बांगड्यांचे तुकडे रुतलेले. हिरव्या काचेच्या बांगड्या, चवथीसाठी नव्या भरलेल्या. मी किडनी ट्रे घेतला आणि फोर्सेपने एकेक तुकडा काढायला लागले, ट्रेमध्ये पडताना प्रत्येकाचा टिक असा आवाज यायचा. अकरा तुकडे निघाले. मोजायची सवय असते आम्हाला.

"काय झालं गो?" मी विचारलं. उत्तर नवऱ्याने दिलं, "न्हाणींत निसरून पडली." सासू म्हणाली, "सकाळपासून धांवपळ, तोल गेलो." तिने नुसतं "हय, पडलीं" म्हटलं आणि साडीचा पदर दुसऱ्या हाताच्या बोटाला गुंडाळत राहिली.

आता पडणारं माणूस तळहात टेकतं. तळवा खरचटतो, मनगट मुरगळतं, गुडघा फुटतो. तिचे तळवे स्वच्छ होते. मार होता तो हाताच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, म्हणजे डोक्यावर येणारा फटका अडवायला आपण हात वर धरतो तेव्हा जिथे बसतो तिथे. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. ज्युनिअर डॉक्टर नवीनच होता, त्याने पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं, "सिस्टर, हिस्ट्रीत काय लिहू?" आणि मी म्हटलं, "लिही, न्हाणीत पडल्यामुळे."

एवढंच करून थांबले असते तरी एक वेळ. ड्रेसिंग झाल्यावर तिला टीटीचं इंजेक्शन देताना मी तिच्या कानाशी हळूच म्हटलं, सणासुदीचं असं बरं दिसत नाही बाये, थोडं सांभाळून घे. तिने मान हलवली. ते तिघं गेले. परत ती कधी आली का, दुसऱ्या हॉस्पिटलात गेली का, मला माहीत नाही.

जवळपास तीन वर्षं आधी, २६ ऑक्टोबर २००६ पासून, घरगुती हिंसाचाराचा कायदा देशभर लागू झालेला होता. कायदा २००५ चा, अंमल २००६ पासून. त्यात आणि त्याच्या नियमांत हॉस्पिटलचं काम अगदी साध्या शब्दांत लिहिलंय की अशी बाई आली तर उपचार नाकारायचे नाहीत, तपासणीच्या रिपोर्टची कॉपी तिला फुकट द्यायची, आणि घटनेचा अहवाल आधी कोणी भरलेला नसेल तर हॉस्पिटलच्या प्रमुखानेच तो फॉर्म भरून याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. म्हणजे पोलिस स्टेशनची पायरी चढायच्या आधी त्या बाईच्या हातात कागद पडू शकतो, आणि तो कागद आमच्या टेबलावर तयार होतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारतेय की सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, आणि मला वाटतं मी तरीही न्हाणीच लिहायला लावलं असतं. कारण मला मनापासून तेच बरोबर वाटत होतं. घरचं घरात राहावं, नवरा-बायकोच्या मधे तिसऱ्याने पडू नये, बाईने जरा नमतं घेतलं की संसार टिकतो, हे मी आईच्या तोंडून ऐकलं होतं, सासूच्या तोंडून ऐकलं होतं, आणि युनिफॉर्म घातला म्हणून ते अंगातून निघून जात नाही ना. नर्सिंग स्कूलमध्ये जखम कशी धुवायची हे तीन वर्षं शिकवलं, जखम कोणी केली हे विचारायचं कसं ते एका तासालाही शिकवलं नाही.

मग काही वर्षांनी आमचं एक ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेल्या बाईंनी सुरुवातीलाच सगळ्यांना एकेक कागद दिला, नाव घालायचं नाही, फक्त हो किंवा नाही. बाईचं मुख्य काम घर आणि मुलं सांभाळणं आहे, हो की नाही. मूल राहू न देण्याची जबाबदारी बाईची आहे. घर टिकवण्यासाठी बाईने थोडी मारझोड सहन करायला हरकत नाही. आणि मग सात कारणं: न सांगता घराबाहेर गेली, घराकडे मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, जेवण नीट केलं नाही, रात्री नको म्हणाली, तिच्यावर संशय आला, सासरच्यांचा मान ठेवला नाही. यातल्या कुठल्या कारणासाठी नवऱ्याने हात उचलणं योग्य?

ही सात कारणं म्हणे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच विचारतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनी यातल्या निदान एका कारणाला हो म्हटलं. पुरुषांनी ४४ टक्के. म्हणजे बायका पुरुषांच्या एक पाऊल पुढेच, आणि सगळ्यात जास्त हो कशाला तर सासरच्यांचा मान ठेवला नाही याला. मी हा आकडा ऐकला तेव्हा मला आमची ड्युटी रूम आठवली. त्या ४५ मधे आम्ही नाही असं कसं म्हणणार, आम्ही काय चंद्रावरून आलोय का, त्याच घरांतून डबा करून, पोरांना शाळेत सोडून कदंबाची बस पकडून येतो ना आम्ही.

कागद गोळा करून बाईंनी फळ्यावर आकडे मांडायला घेतले आणि हॉलमधे शांतता झाली. "सासरच्यांचा मान" च्या पुढे त्यांच्या खडूच्या रेघा वाढतच गेल्या. मी स्वतः तिथे नाही लिहिलं होतं, पण "थोडी मारझोड" वर मी पेन बराच वेळ धरून बसले होते आणि शेवटी कोरं सोडलं. एक सीनियर सिस्टर उठून म्हणाल्या, "मॅडम, एक थोबाडीत बसली म्हणून लगेच घर मोडायचं का?" त्या वाईट नव्हत्या हो, त्यांनी हजारो बाळंतपणं केलीत, रात्री-अपरात्री स्वतःच्या पर्समधून पैसे काढून पेशंटला चहा पाजलाय. बाईंनी त्यांना शांतपणे उलटा प्रश्न केला: "सिस्टर, घर मोडायला कोण सांगतंय? केसपेपरवर खरं लिहिलं तर घर मोडतं का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

कारण खरंच, आमच्याकडून मागतात ते केवढंसं आहे. एका ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, त्याच दिवशी तो नेहमीचा मुद्दा काढला, की दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आम्ही कसं लिहायचं, उद्या खोटी केस निघाली तर? आता जरा विचार करा. म्हापशाच्या रस्त्यावर स्कूटर आणि टॅक्सीची टक्कर झाली आणि स्कूटरवाला आमच्याकडे आला तर आम्ही टॅक्सीवाल्याला बोलावतो का बाजू ऐकायला? नाही. केसपेपरवर "अलेज्ड हिस्ट्री ऑफ आरटीए" लिहितो, म्हणजे रस्त्यावर अपघात झाला असं पेशंट सांगतो, आणि कामाला लागतो. कुत्रा चावला म्हणून आलेल्याला कोणी विचारत नाही की तूच आधी दगड मारला होतास का. "अलेज्ड" हा शब्द आमच्याच सोयीसाठी आहे, खरं-खोटं ठरवणारं कोर्ट वेगळं. पण बाई नवऱ्याने मारलं म्हणाली की आम्ही सगळे एकदम न्यायाधीश होतो. तिने काय केलं असेल, ती उलट बोलली असेल, तिचा मोबाइल सारखा चालू असतो, असली चर्चा टाके घालता घालता, तिच्या डोक्यावरून, ती ऐकत असताना.

हे मात्र सांगायलाच पाहिजे की सगळं काही वृत्तीमुळे होत नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस केली की कागद वाढतात, पोलिसांना कळवा, रजिस्टर भरा, आणि चार वर्षांनी कुठल्यातरी सुट्टीच्या दिवशी कोर्टाचं समन्स येतं, तोवर तुमची बदली वाळपईला झालेली असते. कॅज्युअल्टीत एक डॉक्टर आणि बाकावर पंधरा माणसं असतात. तिथे "पडली" हा एक शब्द लिहिला की पाच मिनिटांत पेशंट मोकळा. घाईत माणूस स्वतःशी जे मनात धरून असतो तेच हातून लिहिलं जातं, म्हणून तर मनात काय आहे हे महत्त्वाचं.

गोव्यात आम्हाला एका गोष्टीचा फार अभिमान असतो, की आमच्याकडे सगळ्या धर्मांना एकच नागरी कायदा, पोर्तुगिजांच्या वेळचा, १८६७ च्या संहितेतून आलेला. सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या आणि आधी वेगळा करार केलेला नसला की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी तिची. नवऱ्याला घर विकायचं तर तिची सही लागते. महाराष्ट्रातल्या माझ्या मावसबहिणींना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग एकदा लक्षात आलं की ती हिरव्या बांगड्यांची बाई, तिच्या जर सह्या झाल्या असतील, तर ज्या घरात तिला मारलं त्या घराची ती अर्धी मालकीण असणार. आणि तिला मी सांभाळून घे म्हणत होते. ओपीडीत रोज दिसतात अशा अर्ध्या मालकिणी, सोनोग्राफीला दुसरीकडे पाठवलं तर रिक्षाचे पैसे नवऱ्याला विचारून येते म्हणणाऱ्या. सह्या करताना तिला कोणी समजावून सांगितलेलं नसतं, दोन वेळा जाऊन पुस्तकात सही करायची एवढंच ठाऊक. कायद्यातला अर्धा वाटा तिच्यापर्यंत पोहोचवायचा तर तिला एकटीला भेटणारं माणूस पाहिजे, आणि गरोदरपणात नऊ महिने तिला नेमाने भेटतो ते आम्ही.

सहीवरून आठवलं. मी आता मॅटर्निटीला आहे. तिथे बायकांच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर नवऱ्याची सही आणायला लावायची पद्धत अजून कित्येक ठिकाणी आहे, खरं तर नसबंदीला जोडीदाराची संमती लागत नाही हे सरकारच्याच सूचनांमधे लिहिलंय. गर्भपाताचंही तेच, कायदा १९७१ चा, अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची नाही, बापाची नाही, सासूची तर नाहीच नाही. तरी आम्ही विचारतो, "घरचं कोण आलंय?" आणि कोणी नसलं की बाईला बाकावर बसवून ठेवतो. एकटी मुलगी आली तर पहिला प्रश्न लग्न झालंय का, आणि तो प्रश्न ज्या आवाजात विचारतात तो आवाज मी ओळखते कारण तो माझाही होता. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत लग्न झालेली आणि न झालेली असा फरक करता येणार नाही. दिल्लीत निकाल लागला तरी आमच्या काउंटरवरचा आवाज बदलायला वेळ लागतो.

आणि पुरुषांची नसबंदी? त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या जवळपास ३८ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं, पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुषांचं ऑपरेशन साधं, टाकासुद्धा लागत नाही, अर्ध्या तासात घरी. पण दुसरं बाळंतपण झालेल्या बाईला आम्ही वॉर्डमधे तीन-तीनदा विचारतो, करून घेतेस ना गो, आणि बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला एकदाही विचारत नाही. नको वाटतं त्याला विचारायला, तो काय म्हणेल, त्याला कामाला जायचं असतं. तिलाही काजूच्या कामाला जायचं असतं की.

लेबर रूमबद्दल जास्त लिहवत नाही. कळा येताना ओरडणाऱ्या बाईला जे बोललं जातं ते इथल्या सगळ्या बायकांना माहितीये, ज्यांनी ऐकलंय त्या वीस वर्षांनीही शब्दन् शब्द सांगतात. बोलणाऱ्याही बायकाच. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत जगभरात सुमारे ७० टक्के बायका आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे म्हटलं होतं, आणि वरच्या जागांवर फक्त २५ टक्के. आमच्याकडे तर अजून लेडी डॉक्टरला पेशंट सिस्टर म्हणतात आणि तिच्या मागून ट्रॉली ढकलत येणाऱ्या मुलाला डॉक्टर. वरून ऐकलेलं खाली बोललं जातं, खालची तर टेबलावर झोपलेली, तिला उठून जाता येत नाही.

बलात्काराच्या केसचं एवढंच सांगते की ती दोन बोटांची तपासणी, जिच्यावरून बाई "सवयीची" आहे का हे लिहायचे, तिला सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे चुकीचं ठरवलं, आरोग्य मंत्रालयाने २०१४ मधे नको म्हणून सूचना काढल्या, आणि तरी ३१ ऑक्टोबर २०२२ ला कोर्टाला परत सांगावं लागलं की यापुढे कोणी करेल तर ते गैरवर्तन धरलं जाईल. नऊ वर्षं गेली मधे. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९७ आहे, सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलने तिला ताबडतोब फुकट उपचार द्यायचे, नाकारले तर शिक्षा आहे. हे माझ्या ड्युटी रूममधल्या प्रत्येकीला पाठ असावं असं मला वाटतं, जसा ॲड्रेनलिनचा डोस पाठ असतो तसं.

त्या ट्रेनिंगमधे मुंबईच्या वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधल्या "दिलासा" केंद्राबद्दल ऐकलं. पालिकेचं हॉस्पिटल, आणि त्याच्या आतच मारहाण झालेल्या बायकांसाठी केंद्र, साधारण २००० सालापासून. जखम बांधायला आलेली बाई त्याच इमारतीत पुढे बोलायला जाते, घरच्यांना वाटतं हॉस्पिटलातच आहे. मला ते फार पटलं. तोवर मला वाटायचं की हे समाजकार्य आहे, आपलं नर्सिंग वेगळं.

तिथे रखमाबाईंचंही नाव निघालं. नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं १८८७ मधे कोर्टाने सांगितल्यावर तुरुंगात जाईन म्हणणारी आपली मराठी मुलगी, ती पुढे १८९४ मधे लंडनहून डॉक्टर झाली आणि आयुष्यभर सुरतेला, राजकोटला बायकांची बाळंतपणं केली. म्हणजे सांभाळून न घेतलेली एक बाई आमच्या व्यवसायाच्या अगदी सुरुवातीला उभी आहे. मला कोणी हे शाळेत असं सांगितलंच नव्हतं, फक्त पहिल्या डॉक्टरांच्या यादीत नाव पाठ केलं होतं.

आता मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर. बाईला एकटीला गाठणं हेच सगळ्यात अवघड, नवरा नाहीतर सासू खुर्चीला खुर्ची लावून बसलेली असते आणि बाहेर जा म्हटलं की संशय येतो. म्हणून मी म्हणते, लघवी तपासायची आहे, चल बाये, बाटली देते. बाथरूमपर्यंत मागे कोणी येत नाही. तिथे दार लोटून मी विचारते, आणि थेट विचारते, गोलगोल नाही: घरात कोणी मारतं का? पूर्वी मला वाटायचं असं विचारलं तर अपमान वाटेल. आजवर कोणी चिडलं नाही. काही जणी नाही म्हणतात, मग मी दोनदा खोदत नाही. काही जणी लगेच रडतात. एक म्हणाली, "तुम्ही पयल्यांदाच विचारलंत," आणि ते तिचं तिसरं बाळंतपण होतं. हेल्पलाइनचा कागद देत नाही, पिशवीत सापडला तर तिलाच मार. १८१ हे तीन आकडे तोंडपाठ करून घेते, दोनदा म्हणवून घेते. "का मारलं?" हा प्रश्न मी बंद केला. का ते नको, कशाने, कधी, कुठे.

आणि वाचून दाखवते. हे अलीकडेच सुरू केलंय. गेल्या पावसात एक आली होती, सहावा महिना, पाठीवर वळ. डॉक्टर मॅडमनी केसपेपरवर अलेज्ड हिस्ट्री ऑफ असॉल्ट बाय हसबंड लिहिलं, वळांची लांबी-रुंदी टेप लावून लिहिली, आणि मी माझ्या नर्सेस नोट्स लिहिल्या. मग खुर्ची ओढून तिच्या खाटेशी बसले आणि लिहिलं होतं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. "लाठीने" या शब्दावर तिने डोळे उघडले. म्हणाली, "बडी न्हय सिस्टर. पट्टो. कमरेचो पट्टो."

मी "लाठी" वर एक रेघ मारली, बाजूला सही केली, वेळ घातली, आणि पुढे लिहिलं, पट्टा.